मोहरमचा फलक उतरवायला धुळ्याला

धुळ्याला जायचं माझ्या मनात नव्हतं. ऐन वैशाखात कोण शहाणा माणूस मोटरीत बसतो? पण आमचे जावई मुरलीधरराव यांनी धुळ्यातल्या आपल्या कापडदुकानावर मोहरमचा फलक लावला, असं जळगावच्या बाजारात मला दोन जणांनी सांगितलं आणि मला निघावंच लागलं. मुसलमानांच्या सणाचा फलक म्हणून लोक म्हणे चिडले होते, त्या दुकानात जाऊ नका असं एकमेकांना सांगत होते. तेही लग्नसराईत! आमच्याकडे लग्नाचा बस्ता, म्हणजे साऱ्या घराचं कापड, एकाच दुकानातून घेतात. असे बस्ते दुसरीकडे गेले तर दुकान बसलंच म्हणायचं. मग आमची लेक सखू काय खाईल?

"जा आणि तेवढा फलक उतरवून या," बायको म्हणाली.

सर्व्हिस मोटर एरंडोल, पारोळ्यावरून जाते. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गाठोडं टपावर चढवण्याआधी भाडं ठरवावं, नंतर क्लीनर गाठोड्याचे वेगळे मागतो. मागच्या बाकावर तर बसूच नये. मी बसलो, आणि गिरणा नदीच्या उतारावर माझं डोकं छताला लागलं. पारोळ्याला मोटर पाणी पिते तेवढ्यात आपणही खाऊन घ्यावं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा अशी शिदोरी सोडली, पण अर्धी भाकरी तशीच परत बांधली.

शेजारी एक शेतकरी आणि त्याची बायको बसली होती.

"कथा चालनात, आबा?" त्याने अहिराणीत विचारलं.

"धुळ्याला. लेकीकडे."

"आमी बी तथाच. बस्ता लेवाले. पन त्या मोहरमवालाकडे जावानं नही म्हनतस बठ्ठा."

"सगळेच म्हणतात? का बरं?" मी विचारलं.

"माले काय म्हाइत? बठ्ठा म्हनतस ते आपन बी म्हनानं."

त्याची बायको पदराआडून म्हणाली, "लुगडं चांगलं व्हई ते मी जासू. तुमी बाहेर उभा र्‍हा."

सगळी मोटर हसली. तो मोहरमवाला माझाच जावई, हे काही मला सांगवलं नाही.

धुळ्यात टांगा केला. दुकानासमोर उतरतो तर वर केवढा तो फलक! हिरव्या कापडावर पांढरी अक्षरं: "मोहरमच्या आनंददायक सणानिमित्त नवी लुगडी, रुमाल, माफक दर. मुसलमान बंधूंना शुभेच्छा." दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या कापडदुकानात मात्र पायताणांचा ढीग होता. तिथले भिकाशेट मला बघून हसले.

रात्री जेवताना मी विषय काढला. मुरलीधरराव म्हणाले, "आबा, गणपतीला फलक लावतो, दिवाळीला लावतो. निम्मं गिऱ्हाईक मोमीन मुसलमानांचं. त्यांच्या सणालाच का नको?"

"सगळं खरं. पण उतरवा."

"आता उतरवला तर भिकाशेटला घाबरलो असं होईल."

"मग घाबरा ना! घाबरायला काय पैसे पडतात?"

सखूने माझ्या पानात आणखी भात वाढला. मला तो नको होता.

सकाळी हमीदाबी आल्या. या मागच्या मोमीन मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या. मुरलीधररावांच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. मला वाटलं, आभार मानायला आल्या.

"मुरली," त्या पायरीवरूनच म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या दहाव्याला मी तुझ्या दारात पेढे वाटले होते का रे?"

"म्हणजे?"

"आमच्या इमामांचा दुखवटा आहे हा. हे दहा दिवस आमच्या घरात कुणी नवं कापड अंगाला लावत नाही. आणि तू लिहितोस आनंदाचा सण!"

मी मध्येच बोललो, "अहो, पण ताबुतापुढे ढोल वाजतात, वाघांची सोंगं नाचतात. माझ्या आईने नवसाने मला मोहरमचा फकीर केला होता. मलिदा खाल्लाय मी."

"खाल्ला असशील, भाऊ. त्या वाघांत निम्मे तुमचेच असतात."

मुरलीधरराव पेचात पडले. फलक ठेवावा तर म्हातारी दुखावते, काढावा तर बाजार हसतो. शेवटी सखूच आतून म्हणाली, "हमीदाबी, मग या दिवसांत चांगलं काय करतात?"

"पाणी पाजतात, पोरी. आमचे इमाम लढाईत तहानलेलेच गेले. सरबत ठेव दारात, येईल त्याला दे."

फलक उतरला. सखूने माठ मांडला, साखर, लिंबू, बडीशेप घातली आणि मला पेल्यांपाशी बसवलं. तेवढ्यात भिकाशेट आपल्या दारातून ओरडले, "काय आबा, आलं का जावयाला शहाणपण?"

नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. ज्यासाठी आलो ते झालंच होतं. माझं तोंड उघडलंही. सखू माझ्याकडे बघत होती.

"चुकीचं लिहिलं होतं, शेट," मी म्हणालो. "मोहरमला दुखवटा असतो म्हणे. सरबत घ्या."

पेला घेऊन गेलो, पण त्यांच्या पायरीला ठेचकाळलो आणि अर्धं सरबत त्यांच्या धोतरावर. त्यांनी पेला घेतला नाही. हमाल प्याले, टांगेवाले प्याले. एका लग्नघरची माणसं दोन दोन पेले प्याली, तोंडं पुसली आणि भिकाशेटकडे बस्ता बांधायला गेली. मोटरीतली बाई दिसते का म्हणून मी दिवसभर बघत होतो. ती आली नाही.

परतताना आगगाडीने आलो. चाळीसगावला गाडी बदलावी लागते, वेळ मोडतो, पण डोकं शाबूत राहतं. म्हाताऱ्यांनी हाच रस्ता धरावा.

"उतरला का फलक?" बायकोने दारातच विचारलं.

"उतरला."

"मग लोक येतील ना आता?"

"येतील," मी म्हणालो. त्या हंगामात काही आले, बरेच आले नाहीत. दुकान उघडं आहे एवढं खरं.

आता रमजान ईद जवळ आली आहे. परवा मुरलीधररावांचं कार्ड आलं. ईद तर आनंदाचीच, फलक लावू का, तुम्ही नको म्हणाल तर लावत नाही. सखूचा विचार केला, भिकाशेटचा केला. मग उत्तर लिहिलं: "लावा. पण आधी हमीदाबींना वाचून दाखवा."

कार्ड पेटीत टाकल्यावर दोनदा त्या पेटीवरून चक्कर मारून आलो. पण परत मागायला पोस्टात गेलो नाही.