बायाबाईचा रेफ्री

पवनीच्या आठवडी बाजारात बायाबाईची टोपली शोधायला कोणाला विचारावं लागत नाही. बाकीच्या बायका मासोळीवर ओलं गोणपाट टाकतात, बायाबाईच्या मासोळीवर जरीकाठी दुपट्टा असतो. असे दुपट्टे तिच्या घरी पेटीभर पडले आहेत. तिचा नवरा बुधराम गेली वीसेक वर्षं आसपासच्या गावांत फुटबॉलच्या मॅचमध्ये रेफ्री म्हणून उभा राहत आला, आणि रेफ्रीला द्यायचं ते नारळ आणि दुपट्टा, अशी या भागातली रीत आहे. नारळ फोडून खाता येतो. दुपट्ट्याचं काय करायचं, हा प्रश्न बायाबाईने आपल्या परीने सोडवला. एखादं गिऱ्हाईक हसलंच तर ती म्हणते, "सत्काराची मासोळी आहे बाप्पा, जरा जास्तच भाव लागन."

बुधराम माणूस मऊ. नदीत जाळं टाकतो, जे मिळेल ते आणतो, बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा होतो. पण मैदानात उतरला की तो कोणाचा नसायचा. आपल्या मासेमार वस्तीतली पोरं, शेजारची पोरं, बायकोच्या भावाचा पोरगा, सगळे त्याला सारखेच. बायाबाईलाही हे मान्य होतं, म्हणूनच ती मैदानावर त्याला नवरा मानत नसे. घरी "आयकलं का जी" म्हणणारी ही बाई गोलपोस्टच्या मागे टोपली पालथी घालून बसली की थेट अरे-तुरेवर यायची. "डोळे घरी ठेवून आला का रे तू?" असं ती ओरडली की निम्मं मैदान हसायचं आणि बुधराम मान खाली घालून पुढे पळायचा. घरी गेल्यावर तोच बुधराम पाटावर बसून जेवायचा आणि तीच बायाबाई त्याच्या ताटात मासोळीचं डोकं वाढायची. वीस वर्षं हे असंच चाललं आणि दोघांपैकी कोणाचंच काही बिघडलं नाही.

बिघडलं ते मागच्या सालच्या मंडईला. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि पवनीच्या मंडईत परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, मागच्या मैदानावर फायनल होते. वस्तीच्या वैनगंगा मंडळाची टीम शहापूरशी खेळत होती. मॅच संपत आलेली, गोल कोणाचाच नाही. तेवढ्यात आपल्याच एका पोराचा हात चेंडूला लागला. बुधरामने शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली. सगळी वस्ती उठून उभी राहिली. आणि त्या गोंगाटात बायाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, "किती घेतले रे तू शहापूरवाल्यायकडून?"

तिने याच्याहून वाईट शिव्या घातल्या होत्या. पण पैशाचं ती कधी बोलली नव्हती. त्या एका वाक्याने सारं मैदान बुधरामवर तुटून पडलं. पेनल्टीवर गोल झाला, मंडळ हरलं, आणि पुढे कितीतरी दिवस बुधराम गल्लीतून निघाला की कोणी ना कोणी मागून विचारायचं, किती घेतले. ज्या माणसाने वीस वर्षांत नारळ-दुपट्ट्यापलीकडे काही घेतलं नाही, त्याला.

खरी गोष्ट अशी की हात लागलेला बायाबाईने पाहिला होता. गोलच्या मागेच तर बसली होती ती. पण टीम हरायला आली की या बाईच्या डोळ्यांचा आणि तोंडाचा संबंध राहत नाही. त्या संध्याकाळी बुधराम जेवला, हात धुतले, झोपला. तिला वाटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. तो त्यावर एक शब्द बोलला नाही. आणि त्या घरात चुकलं म्हणून सांगायची पद्धत नव्हती, त्यामुळे तीही बोलली नाही. फक्त तिला ते रोज टोचत राहिलं.

चौमासा आला. नदीला पूर, मासेमारी बंद, खेळ बंद. अशा दिवसांत वस्तीची सगळी माणसं समाजमंदिरात जाळी दुरुस्त करत बसतात आणि फुटबॉलवर भांडतात. जाळ्याचा एक रिवाज आहे. फाटलेली जागा विणायला घेतली की ती पुरी केल्याशिवाय उठायचं नाही. अर्धवट सोडलेल्या भोकातून बरकत निघून जाते म्हणतात. त्यामुळे भांडण कितीही तापलं तरी कोणाला ताडकन उठून जाता येत नाही. हातात सुई, समोर भोक, बस आणि ऐक.

यंदा भांडायला विषय मोठा होता. भूपेश, मंडळाचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड, टीम सोडून शहापूरकडे चालला होता.

"गेला त जाऊ द्या," गुलाब म्हणाला. गुलाब म्हणजे बुधरामचा जुना दोस्त आणि मंडळाचा सगळ्यात तापट माणूस. "दोन गोल काय मारले, पाय जमिनीवर टेकून नाही राहिले त्याचे."

"त्याले हायवेवर टायरच्या दुकानात काम देऊन राहिले ते," कोणीतरी म्हणालं. "आपण काय देऊन राहिलो? नुसता कपभर च्या."

"त्याच्या जागी आंबागडचा निकेश आणा."

"तो अनवाणी खेळते गा."

"मंग बुटं देऊ."

"बुटं घातली की त्याले धावता नाही येत. तेच त लफडं आहे."

बायाबाई दाराजवळ बसून जाळ्याच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होती. बायकांनाही या बैठकीत बोलायचा हक्क होता, कारण बाजारात प्रत्येकीच्या मासोळीतला एक वाटा मंडळाचा असतो. चेंडू त्यातूनच येतो. तिने घसा साफ केला. हे ती चार दिवस मनात घोळवत होती.

"पोरायले काय द्याचं ते बोलून राहिले तुमी. रेफ्रीच्या पगाराचं काहून नाही बोलत कोणी?"

गुलाबची सुई थांबली. "घरच्या माणसाले कायचा पगार वो वहिनी?"

"घरचा माणूस म्हणून त्याचे गुडघे मंडळाचे झाले का? जाळं सोडून दिवसभर धावते तो. अन् फुकट करते म्हणूनच लोक विचारतात, किती घेतले म्हणून. तुमी उघड्यावर द्या, सगळ्यायच्या समोर. मंग कोणाची विचाराची हिंमत नाही होणार."

पहिल्यांदा कोणी विचारलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गुलाबने थांबलेली सुई पुन्हा चालवायला घेतली. तापट असला तरी त्याला काही गोष्टी कळत होत्या. बुधराम भिंतीला टेकून एका मोठ्या भोकावर वाकला होता. त्याने वर पाहिलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष मोतीलालजी. हातमागवाल्या कोष्टी घरातले, कापडाचं छोटं दुकान, कपड्यांची घडी कधी मोडत नाही आणि बोलण्याचीही नाही. त्यांनी मान हलवली. "बाई बरोबर बोलून राहिली. रेफ्रीले पैसे भेटलेच पायजे. ठरलं."

सगळ्यांनी होकार दिला. बायाबाईला वाटलं, इतके महिने छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मोतीलालजी पुढे बोलले.

"पण पैसे द्याचे त मंग वस्तीतल्या माणसाले कसे द्याचे? आपले पैसे, आपलाच माणूस. उद्या शहापूरवाले काय म्हणतील? त्यापेक्षा भंडाऱ्याहून आणू. परीक्षा पास झालेले रेफ्री असतात तिकडं. बुधरामले आपण स्टेजवर बसवू, मानानं."

"हे ठीक," गुलाब म्हणाला. आणखी चार जण म्हणाले, हे ठीक. एवढ्यात ठरलंसुद्धा.

बायाबाईने हातातला गुंता बाजूला टाकला. तिने बुधरामकडे पाहिलं. उठून बाहेर जावं असं त्याला वाटत असणार, पण भोक अर्धं राहिलं होतं. तो बसला, खाली मान घालून एकेक गाठ मारत राहिला. एक गाठ चुकली, ती सोडवून पुन्हा मारली. लोक निकेशच्या बुटांवर परत आले, हसले, खिदळले, आणि बुधराम त्यांच्या मधोमध बसून आपलं भोक पुरं करत होता. तेवढा वेळ त्या बाईच्या जीवाची जी काही हालत झाली, ती कोणाच्या वाट्याला न येवो.

घरी जाताना ती म्हणाली, "मले वाटलं तुमालेच देतील."

"मोतीलालजीचं बरोबर हाय," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी ती मोतीलालजींच्या दुकानात जाऊन बसली. पगार नको, पहिल्यासारखा दुपट्टाच द्या, पण उभं त्यालाच करा, असं म्हणाली. मोतीलालजींनी तिला पाणी दिलं, चहा दिला आणि नाही म्हटलं. "बाई, तूच बोलली न् तूच ठरवलं. आता फिरवलं त लोक म्हणतील, घरचं म्हणून फिरवलं. बुधरामच्याच नावाले बट्टा लागन." तिचंच बोलणं त्यांनी तिला घडी करून परत दिलं होतं.

पाऊस गेला, धान पिवळे झाले. दर वर्षी या दिवसांत बुधराम पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारायचा, दम टिकावा म्हणून. यंदा तो नदीवर गेला की तिथेच बसून राहायचा. मैदानात तो नसेल तर मॅच बघावी कशाला, असं बायाबाईच्या मनात एकदा येऊन गेलं आणि तिची तीच दचकली. एवढी जुनी फुटबॉलवाली बाई, तिच्या मनात असलं काही यावं.

मंडईच्या दिवशी मैदान खच्चून भरलं. भंडाऱ्याहून रेफ्री आली. आली म्हणजे खरंच आली. नीतू नावाची पंचविशीतली मुलगी, वेणी घट्ट बांधलेली, बोलणं थोडकं. म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या. पण पहिल्या दहा मिनिटांत तिने गुलाबच्या पुतण्याला दोनदा समज दिली आणि भुवया जागेवर आल्या. काम चोख होतं तिचं, त्यात वादच नाही.

स्टेजवर बुधरामसाठी खुर्ची ठेवली होती. तो तिकडे गेलाच नाही. गर्दीतून वाट काढत तो गोलच्या मागे आला आणि बायाबाईच्या शेजारी गवतावर बसला. वीस वर्षांत ती दोघं एकत्र बसून मॅच पाहत होती, ती पहिल्यांदा. ती थोडी सरकली.

आणि मग तिला एक नवलच दिसलं. तिचा हा मऊ, अबोल नवरा सारखा पुटपुटत होता. "दे, दे, उजवीकडं दे. काहून थांबला बे?" निकेश बुटं घालून कसाबसा धावत होता, तर बुधरामचे पाय इकडे गवतात हलत होते. शहापूरचा चेंडू खांबाला लागला तेव्हा त्याने बायाबाईचा गुडघा घट्ट पकडला. पवनी जिंकावी असं या माणसाला वाटतं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. कळणार कसं, तो मैदानात कोणाचाच नसायचा.

शहापूरच्या कपड्यांत भूपेश धावत होता. त्याला पाहून तिने आधी तोंड फिरवलं, मग सवयीने म्हणाली, "बारीक झाला पोरगा. जेवू घालत नाही वाटते टायरवाले."

दुसऱ्या हाफमध्ये, अजूनही गोल नाही, अशा वेळी भूपेश एकटाच चेंडू घेऊन आत घुसला. आपला गोलकीपर मुन्ना पुढे झेपावला. चेंडू सुटला आणि हातात भूपेशचा पाय आला. नीतूने शिट्टी वाजवली. पेनल्टी.

वस्ती उठली. मागून गुलाबचा आवाज आला, "किती घेतले गा या पोरीनं?"

बायाबाई उठली, मागे वळली.

"गुलाबभाऊ, तिनं किती घेतले ते तुमालेबी मालूम आहे अन् मलेबी. आपणच देल्ले. मुन्नानं पाय धरला, साऱ्यायनं पाहिलं. खाली बसा."

गुलाब बसला. त्याच्या मागचेही बसले. बायाबाई परत वळली, तर बुधराम मैदानाकडे पाठ करून परकोटाच्या भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"मले पाहावत नाही," तो म्हणाला. "तू सांग."

ती सांगू लागली. "भूपेश चेंडू ठेवून राहिला. मुन्ना हात चोळून राहिला. आता भूपेश मागं सरकला."

"आता?"

"आता मारला. गोल झाला जी."

बुधरामने मान खाली घातली. पलीकडे शहापूरवाले नाचत होते. बायाबाई त्याच्या शेजारी बसली, त्याच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून.

"मागच्या सालीबी हात लागलाच होता," ती म्हणाली. "मिनं पाह्यला होता. तरी तुमाले तसं बोलली. बोलाले नोहतं पायजे."

त्याने गवताच्या दोन काड्या उपटल्या.

"तवाबी मले पाहावत नोहतं, बाया," तो म्हणाला. "पण तवा पाठ फिरवता येत नोहती."

मागे खेळ पुन्हा सुरू झाला होता. बायाबाईने पदराने तोंड पुसलं, नवऱ्याला दंडाला धरून मैदानाकडे वळवलं, आणि मॅच संपेपर्यंत तो दंड सोडला नाही.