देवाला दिलेलं झाड

कपाशीच्या त्या झाडावर फुटलेलं एकही बोंड शिल्लक नव्हतं. शेंड्याकडे तीन-चार हिरवी, न फुटलेली बोंडं तेवढी होती. खाली मातीवर दहीभाताची शितं पडली होती आणि खोडाला कुंकू लावलेलं होतं. मी हातात कागदी पिशव्या घेऊन उभी होते. वावराचे मालक धुडकूआबा माझ्या शेजारी उभे होते.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली गोष्ट. मी धुळ्याच्या सरकारी फार्मवर कापसाच्या विभागात असिस्टंट होते. जागा टेंपररी होती. पुरुष मिळेनात म्हणून मला घेतलं होतं, आणि हे मला अधूनमधून ऐकवलंही जाई. माझे वडील भुसावळला रेल्वेत. शाळा तिथलीच, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे ऑफिसात माझं निभावत असे, पण खेड्यातली अहिराणी मला कळायची तरी बोलता यायची नाही. मी मुळात कमी बोलते. देवपुरात मावशीकडे राहायचं, पांझरा नदी ओलांडून ऑफिसला यायचं आणि टेबलाशी बसून कापसाच्या धाग्याची लांबी मोजायची, एवढं माझं काम होतं. सरकीभोवतीचे, म्हणजे कापसाच्या बीभोवतीचे, तंतू बारीक फणीने विंचरून काळ्या मखमलीवर पसरायचे आणि पट्टी लावायची. हे काम मला आवडे. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

फील्डचं काम माझ्याकडे आलं ते आमचा फील्ड असिस्टंट लष्करात भरती झाला म्हणून.

त्या भागात कापसावर मर होती. हा जमिनीतला रोग आहे. हिरवंगार झाड एक दिवस पिवळं पडतं, माना टाकतं आणि उभ्या उभ्या वाळतं. खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघा दिसतात. फवारणी, खत, कशाचाच उपयोग होत नाही. रोग वर्षानुवर्षं मातीत राहतो. उपाय एकच. मरीच्या जमिनीत जे झाड तग धरेल, त्याचं बी घ्यायचं, तेच पुन्हा मरीच्या जमिनीत पेरायचं आणि बघायचं. असं झाड हजारांत एखादं सापडतं. पुष्कळदा तेही नुसतं नशिबाने वाचलेलं असतं. ते खरंच रोगाला पुरून उरणारं होतं की नाही, हे त्याचं बी पेरल्याशिवाय कळत नाही. म्हणून बी जपायचं.

धुडकूआबांच्या वावरात असं एक झाड होतं. ते सांगायला आबा स्वतः ऑफिसात आले होते. साहेबांनी मला पाठवलं.

मी पहिल्यांदा सर्व्हिस मोटारीतून उतरले तेव्हा आबा फाट्यावर उभे होते. उंच, वाकलेले, डोक्याला पांढरा फेटा. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी उतरतंय का ते.

"साहेब नई उनात?" त्यांनी विचारलं.

"मीच आलेय."

"सरकारना माणसं सरनात का काय? पोर धाडी दिधी." असं म्हणाले, पण माझी पिशवी त्यांनीच घेतली.

वावर पाहून मला वाईट वाटलं. मधोमध सगळं वाळून काळं पडलेलं. बांधाकडेला थोडी खुरटी झाडं जगलेली. आणि त्या वाळलेल्या पट्ट्यात एकच झाड, माझ्या खांद्याएवढं, पानांनी भरलेलं, कळ्यांनी लगडलेलं.

"बठ्ठं वावर मरनं," आबा म्हणाले. "हाईच येक जित्तं राहिनं."

परतताना त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांचा मुलगा भिका आदल्या वर्षी धुळ्याला गिरणीत लागला होता. वावर सलग मरत चाललेलं, तो करणार काय? बायको आबांकडे ठेवून गेला. अधूनमधून येई, पण राहत नसे. आबांची बायको त्याच वर्षी वारली. घरात आता आबा आणि सून केसर, दोघंच.

"हाई बी उगनं, वावर जगनं, तं भिका परत येई," आबा म्हणाले. "माले दुसरं काई नको, माय. मूठभर बी माले परत द्या."

मूठभर बी परत द्यायचं मी कबूल केलं. साहेबांना विचारून. साहेब हो म्हणाले.

साहेबांच्या दोन अटी होत्या. पहिली, कोणतं झाड ते आबांशिवाय गावात कुणालाही कळता कामा नये. कुंपण नको, पाटी नको. पूर्वी एका गावात असं झाड कुणीतरी उपटून नेलं होतं म्हणे, आणि त्यानंतर खात्याचं एक परिपत्रकच निघालं होतं. दुसरी अट, बोंडं फुटली तरी हात लावायचा नाही. ते स्वतः येऊन झाड बघणार, फोटो घेणार आणि मगच वेचणी.

त्या मोसमात मी बऱ्याच वेळा त्या वावरात गेले. कपाशीचं फूल सकाळी उमलतं आणि माशा त्याच्यावर शेजारच्या झाडांचे पराग आणून टाकतात. तसं झालं की बी शुद्ध राहत नाही. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर हेरायची आणि तिचं तोंड दोऱ्याने बांधून टाकायचं. मग ती आतल्या आत फळते. मी पांढऱ्या दोऱ्याने कळ्या बांधत असे आणि आबा शेजारी उकिडवे बसून पाहत. मी नसे त्या दिवशीही ते संध्याकाळी तिथे जाऊन बसत. गुरांनी तोंड घालू नये म्हणून.

केसरला मी घरी पाहत असे. माझ्याहून एखाद्या वर्षाने लहान असेल. ती चुलीपाशी, मी ओट्यावर. चहाचा पितळी पेला ती उंबऱ्यावर ठेवी आणि आत जाई. मला तिच्याशी बोलावंसं वाटे. पण कामाचं बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि कामाशिवायचं काय बोलावं ते मला सुचत नसे.

बोंडं फुटायला लागली तेव्हा मी साहेबांच्या टेबलाशी गेले.

"सर, खालची बोंडं फुटली आहेत. वेचून आणू?"

"मी काय सांगितलं होतं, मिस चौधरी?"

"तुम्ही येईपर्यंत थांबायचं."

"मग?"

"पण तुम्ही केव्हा येणार, सर?"

त्यांनी वर पाहिलं. मी एवढं विचारीन असं त्यांना वाटलं नसावं. "पुण्याहून मोठे साहेब यायचे आहेत. त्यांना दाखवायचं आहे. तोवर झाड कुठे पळून जात नाही."

पुण्याचे साहेब लांबत गेले. मी पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. शेवटी साहेब म्हणाले, "बरं, पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही जा आणि आणा. फोटोचं राहू द्या."

त्या दिवशी मी मोटारीतून उतरले तेव्हा आबा नेहमीसारखे फाट्यावर होते. नवा धुतलेला फेटा बांधला होता. आम्ही परस्पर वावरात गेलो. तेव्हा झाड तसं दिसलं, बोंडं गेलेली, खाली दहीभात, खोडाला कुंकू.

आबांना माझ्या आधी कळलं. ते खाली बसले आणि एक शीत बोटाने उचलून पाहिलं.

तिकडे पहिल्या वेचणीची एक रीत आहे. घरातल्या बायका सकाळी वावरात जातात. सगळ्यांत जोमदार झाड निवडतात, त्याच्याभोवती दहीभात शिंपडतात, कुंकू लावतात. त्या झाडाचा सगळा कापूस प्रथम वेचायचा. त्याची सरकी हाताने सोडवायची, कापसाची वस्त्रमाळ आणि वाती करायच्या, देवापुढे लावायच्या. सरकी गायीला घालायची. बायकांचं होईपर्यंत पुरुष वावरात पाय टाकत नाहीत. आबांची बायको होती तोवर हे सगळं ती करी. आबांनी उभ्या जन्मात कधी तो दिवस कोणता हे विचारलं नव्हतं. बांधाकडेला जगलेल्या चार झाडांसाठी कुणी हे करील, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आम्ही घरी आलो तेव्हा केसर देवळीपाशी होती. देवळीत समई जळत होती आणि देवाला पांढरी स्वच्छ वस्त्रमाळ घातलेली होती. ती नवं लुगडं नेसली होती.

"पोरी," आबा म्हणाले, "सरकी कोठे शे?"

"गायले घाली दिधी."

आबा गोठ्यात गेले. मीही गेले. गायीच्या पुढ्यातल्या गव्हाणीत कडब्याच्या चुऱ्यात थोडी सरकी राहिली होती. आबांनी ती एकेक वेचून तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"देखा माय, हाई का?"

मी पाहिली. गायीला रोज जिनातून, सरकी काढायच्या कारखान्यातून, आणलेली सरकी घालत. दोन्ही एकाच गव्हाणीत. सरकी सगळी सारखीच दिसते. फणी, मखमल, पट्टी, कशानेही सांगता आलं नसतं.

"सांगता येत नाही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मूठ मिटली.

केसर दाराशी आली होती. काहीतरी चुकलं हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. आबांनी तिला थोडक्यात सांगितलं. आवाज चढवला नाही. ती ऐकत गेली.

"माले कोनी सांगंच नई," ती म्हणाली. "आबा, तुम्ही रोज सांजले त्या झाडजोडे बसतस. दोरा बांधेल देखा. माले वाटनं, तुम्हीच देवले राखेल शे."

"देवले चांगलंच देतस ना," ती म्हणाली. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मग आबांनी तिला विचारलं, "काय मांगं तू देवपान?"

"आखो काय मांगसू," केसर म्हणाली. "त्या घर येवोत." त्या म्हणजे तिचा नवरा, भिका.

आबा गव्हाणीच्या काठावर बसले. गाय त्यांच्या मुठीला नाक लावत होती. ते म्हणाले, "बाईसाहेबले चहा टाक."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आत चुलीपाशी बसून चहा घेतला. निघताना मी केसरकडे ती वस्त्रमाळ मागितली. ती घुटमळली, देवाची म्हणून. मग तिने देवाला हात जोडले, माळ काढली आणि कागदात बांधून दिली. मग वावरात जाऊन शेंड्याकडची ती फुटायला आलेली बोंडंही तोडून घेतली, त्यांच्या कळ्यांना दोरा बांधलेला नव्हता तरी.

धुळ्याला येऊन मी माळेतले तंतू मोजले. आमच्या भागातल्या कापसाच्या मानाने लांबी चांगली होती. खूपच चांगली. साहेबांना सांगितलं.

"बी आहे का?" त्यांनी विचारलं.

"शुद्ध नाही. वरच्या बोंडांचं थोडं आहे."

"मग लांबी घेऊन काय करायचं? रिपोर्टमध्ये लिहा, झाड नष्ट." मग म्हणाले, "अशी झाडं सापडत राहतात."

ते खोटं बोलले नाहीत. सापडतात.

पुढच्या पावसाळ्यात त्या थोड्या बिया मी फार्मवर मरीच्या वाफ्यात लावल्या. आबांनी गव्हाणीतली सरकी आपल्या वावरात त्याच जागी टोकली. दोन्हीकडे झाडं हातभर वाढली आणि पिवळी पडली. आमच्या वाफ्यातलं एक झाड जरा जास्त दिवस टिकलं, एवढंच. मूळ झाड खरंच मरीला पुरून उरणारं होतं की नशिबाने वाचलेलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

त्या दिवाळीत भिका आला आणि केसरला धुळ्याला घेऊन गेला. तिचं मागणं अर्धं पुरं झालं असं म्हणता येईल. आबा एकटे राहिले. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले नाहीत, पाय चालत नव्हते. काही वर्षांनी मरीला दाद न देणारा वाण दुसरीकडून तयार होऊन आमच्याकडे आला. त्या गावातही वाटला गेला. आबांचं वावर तेव्हा भाऊबंद करत होते. पांढरंशुभ्र फुललेलं मी मोटारीतून पाहिलं. उतरले नाही.

आता माझी नोकरी पक्की आहे आणि फील्डचं कामही माझ्याकडेच आहे. झाड कुणाला सांगू नये, हे परिपत्रक अजून रद्द झालेलं नाही. नवीन असिस्टंट आला की मी ते त्याला वाचायला देते. मग गावात पोचल्यावर मी आधी चुलीपाशी जाऊन बसते, पहिली वेचणी कोण करणार आणि केव्हा ते विचारते, आणि घरातल्या बाईला वावरात नेऊन झाड दाखवते. देवासाठी त्याच्या शेजारचं निवडा म्हणून सांगते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.