पिवळी रेघ

आज सकाळी नाल्यातला गाळ काढणारं यंत्र पुलाखालच्या पिवळ्या रेघेपाशी येऊन थांबलं. रेघेच्या अलीकडे नाला साफ, पलीकडे जलपर्णी, थर्माकोल आणि कुणीतरी फेकलेली गादी. "काका, पुढं ग्रामपंचायत," असं म्हणत चालकाने यंत्र वळवलं.

ती रेघ मी मारून घेतली आहे. महापालिकेत अभियंता असताना, समोर उभं राहून. पंचायतीची पत्रं यायची, की नाला दोघांनी मिळून साफ करू, निदान एकदा बरोबर पाहणी करू. प्रत्येक पत्रावर मी एकच शब्द लिहायचो, 'हद्दीबाहेर'. पाणी उतार बघतं आणि आम्ही नकाशा बघत होतो. त्याला आम्ही शिस्त म्हणायचो. तो कामचुकारपणा होता, आणि मी तो सुवाच्य अक्षरात केला. मी निवृत्त झालो तरी रेघेला दर वर्षी नवा रंग लागतो. रंगवायला माणूस मिळतो, पलीकडचा गाळ काढायला मिळत नाही.

पुलालगत सुलोचनाबाईंची पिठाची गिरणी आहे. पुढे तुंबलेलं पाणी दर पावसाळ्यात मागे फिरून आधी तिथे शिरतं. यंत्र गेल्यावर मी तिथे गेलो, तेव्हा त्या एकट्याच पोती माळ्यावर चढवत होत्या. मी सांगितलं, ती रेघ माझी.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता पाणी आलं की दारातच विचारते, बाबा, तू महापालिकेचं की पंचायतीचं?"

मग पोत्याचं एक टोक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "धरा. हे तुमच्या हद्दीत येतं."