आत्तीची पिंपळपानं

कुठल्याही रिसेप्शनला गेली की रत्नाआत्ती नवरा-नवरीच्या आधी मागच्या पडद्याला भेटायची. स्टेजवर चढून कापड चिमटीत धरायची, प्लास्टिकचं फूल उलटं करून बघायची आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायची, "भाड्याचं हाय. मागच्या लग्नातला रश्श्याचा डाग बी तसाच हाय की!" आहेराचं पाकीट त्यानंतर. माझे वडील, अण्णा, तिचे धाकटे भाऊ. ते अशा वेळी आइस्क्रीमच्या काउंटरकडे सटकायचे.

आत्ती उचगावात आमच्याच गल्लीत राहायची. अंगणवाडीत उभा जन्म गेलेला, त्यामुळे कागद, चिंध्या, बिया, काही म्हणून टाकवत नसे. रागीट तर अशी, की दूधवाला लांबूनच हाक मारून पळायचा. "माझा राग हातात उतरतोय," ती म्हणायची, "म्हणून तर कामं हुत्यात."

माझं लग्न ठरलं तेव्हा राजारामपुरीतल्या डेकोरेशनवाल्यानं फोनवर सांगितलेला आकडा अण्णांनी दोनदा विचारून घेतला. आत्तीनं त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. "त्या प्लास्टिकच्या फुलांना एवढं? मी करतो की!"

आमची घरं बौद्ध. त्यामुळे पिंपळाची पानं हवीत, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं. मागच्या दारी ड्रममध्ये पानं कुजत घातली. हिरवं सगळं गळून नुसती शिरांची जाळी उरेपर्यंत ती पाण्यात ठेवायची, मग जुन्या टूथब्रशनं हळूहळू साफ करून वर्तमानपत्रात वाळवायची. वास असा सुटला की शेजारच्या कांबळेकाकू पदर नाकाला लावून भांडायला आल्या. आत्तीनं त्यांच्या हातात ब्रश दिला. "वास येतोय? मग नाक घरात ठिवून ये आणि बस हितं."

तिनं नियमच केला. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एक माळ स्वतः ओवायची. "आहेराचं मागनं बघू. आधी दोरा धर." रिक्षा चालवणारे बाप्येसुद्धा मांडी घालून पानं ओवत बसले.

रिसेप्शनच्या सकाळी स्टेजवर पांढरं कापड, मधोमध बुद्धमूर्ती आणि मागं त्या माळा. उजेड पडला की प्रत्येक पानाची शीर न् शीर दिसायची. भाची म्हणून सांगत नाही, खरंच देखणं झालं होतं.

आम्ही तयार व्हायला गेलो आणि तेवढ्यात माझ्या चुलतसासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या काकांनी, सगळ्या माळा उतरवल्या. हे गृहस्थ समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात वक्ते. शुभ-अशुभ फेकून द्या, असं घसा फोडून सांगणारे. त्यांनी हॉलवाल्याला हुकूम सोडला, "वाळलेली पानं लग्नात अशुभ दिसतात. काढा ती." माळा तांदळाच्या पोत्यांत कोंबून हात धुवायच्या बेसिनशेजारी टाकल्या आणि स्टेजवर गुलाबी प्लास्टिक चढलं. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आत्तीनं त्यांना स्टेजखालीच गाठलं. "पिंपळाचं पान अशुभ? मग ते वर बसल्यात ते कशाखाली बसलेलं, पावणं? चिंचंखाली?"

"ताई, आवाज कमी करा. लोक यायला लागलेत."

"येऊ द्यात की! त्यास्नी बी कळू दे."

मग तिनं खुर्ची ओढून माझ्या खोलीच्या दारात टाकली आणि बसली. "पानं वर चढल्याबिगर नवरी स्टेजवर येत न्हाय." आतून मीही ओरडले, "नाहीच येणार!" शेवटी माझ्या नवऱ्यानं, राहुलनं, कोट काढला आणि स्वतः शिडीवर चढला. पण पोत्यात दाबलेल्या पानांचा निम्मा चुरा झाला होता. गल्लीतल्या बायका जेवायच्या पंगतीत आपापली माळ शोधत वर बघत होत्या. कुणाची होती, कुणाची नव्हती.

आत्ती जेवली नाही. "हितलं पाणी बी मला नगं," म्हणाली आणि रिक्षात बसून उचगावला गेली. काका हसत सगळ्यांना सांगत होते, बाई जरा तापट आहेत.

पुढं गल्लीतल्या कितीतरी लग्नांना तिनं पानं केली. माझ्याकडेही यायची, पण आधी फोनवर विचारून, "तो न्हाय न्हवं आलेला?" त्या माणसानं एकदाही माफी मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्ती झोपेतच गेली. पुण्यानुमोदनाला गल्लीत मांडव घातला होता. आदरांजलीसाठी काका उठले, माईक हातात घेतला. "रत्नाताई थोर कलावंत होत्या. आमच्या राहुलच्या लग्नात त्यांनी केलेली सजावट मी कधीच विसरणार नाही."

मी ताडकन उठले. "काका, खाली बसा. ती सजावट तुम्ही पोत्यात कोंबलीत. ते सांगणार असाल तर बोला."

अण्णांनी मला अडवलं नाही. काकांनी शेजाऱ्याच्या हातात माईक दिला आणि बसले. मी बायकांकडे वळून विचारलं, "त्या दिवशी कुणाकुणाच्या माळा मोडल्या?"

एकेक हात वर यायला लागला. बायकांचे, मग मागं उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांचेही. काकांनी शेवटपर्यंत मान वर केली नाही.