कामठीत खोदलेला पाताळकोट

सत्तर सालच्या हिवाळ्यात आमची पलटण कामठीला होती. मी उमरेडचा, तेव्हा नायक. रूटीन ठरलेलं: सकाळी पीटी, मग परेड, दुपारी वेपन ट्रेनिंग, संध्याकाळी खेळ. शांततेच्या पोस्टिंगमध्ये जवानाला झोप येते आणि साहेब लोकांना अॅडव्हेंचर आठवतं.

आमच्या कंपनी कमांडरना पाताळकोट आठवला. छिंदवाड्याच्या पलीकडे सातपुड्यात ही खोल दरी आहे, तळाशी दुधी नदी. दहा जवानांनी दोरानं उतरायचं, नदीच्या पात्रातून चार दिवस चालायचं आणि पलीकडच्या बाजूनं वर यायचं. रस्ता, रेशन, दोर, मुक्काम, सगळं बसवायचं काम माझं. मंजुरी सीओ साहेबांची, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांची.

दहांत शेवटचं नाव लान्स नायक डोमाचं. नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला, माझा जिगरी दोस्त. कबड्डीत त्याचा गुडघा गेला आणि त्याची मेडिकल कॅटेगरी उतरली. मग त्याला कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत टाकलं. गावी गेला की लोक विचारत, जखम कोणत्या लढाईतली? कबड्डी सांगायची त्याला लाज वाटे. कंपनी कमांडर म्हणाले होते, हा ट्रेक पुरा कर, मी मेडिकल बोर्डासाठी लिहितो, रायफल कंपनीत परत ये. तेव्हापासून डोमाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"मले त्या कोतातून काढ गा," तो मला रोज म्हणे. "रायफलींशी बोलून राहिलो मी आता. एखाद्या दिवशी त्या उत्तर देतीन."

फौजेत नुसता नकाशा पुढे करून साहेबांचं समाधान होत नाही. जमिनीवर वाळूत डोंगर, नदी, रस्ता, सगळं करून दाखवावं लागतं. त्याला सँड मॉडेल म्हणतात. कन्हानची वाळू ट्रकनं आली. हिरवा रंगवलेला भुसा म्हणजे जंगल, निळीचं पाणी म्हणजे नदी, चुन्याची रेघ म्हणजे आमचा रस्ता. मी नकाशाच्या मापानं दरी केली. आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे, मॉडेलचे भारी शौकीन. आले आणि भडकले.

"ये खाई है कि नाली? गहरा करो!"

केली.

"और गहरा! साहब को कुर्सी से दिखनी चाहिए."

"साहब, स्केल..."

"स्केल मैं देख लूँगा. तू खोद."

खोदता खोदता वाळू संपली, खालची काळी माती लागली. तीही खोदली. शेवटी डोमाला आत उभा केला, तर दरी कमरेच्या वर. सुभेदार साहेब खूश झाले. आमचं जेवण त्या दिवशी थंडच झालं.

दुसऱ्या दिवशी ठीक दहा वाजता सीओ साहेब आले. मागे ट्रेकचे जवान पाठीवर सामानाचा पिट्टू बांधून रांगेत उभे. मी छडी घेऊन सुरुवात केली. साहेब खुर्चीवर बसलेच नाहीत. काठावर आले आणि आत बघत राहिले.

"नीचे कैसे जाओगे?"

"रस्सी से, साहब."

"ऊपर कैसे आओगे?"

आम्ही खोदलेल्या त्या दरीतून वर यायला खरंच रस्ता नव्हता.

"मैं दस जवान कुएँ में नहीं फेंकूँगा. कैंसल."

साहेब वळले. डोमाकडे बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्याचाच आवाज आला.

"साहब, असली दरी इतनी नहीं है! ये तो हमने खोदी है!"

साहेब थांबले. "नायक, सच है?"

"जी साहब. असली से चार गुना है."

"किसके ऑर्डर से?"

सगळ्यांचे डोळे सुभेदार साहेबांकडे गेले आणि सुभेदार साहेबांचे आकाशाकडे.

साहेबांनी डोमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तो कोत में है ना? पैर कैसा है?"

ठीक आहे एवढं म्हणाला असता तर भागलं असतं. पण तो डोमा होता!

"दिखाता हूँ, साहब," म्हणाला आणि पाठीवरच्या पिट्टूसकट दरीत उडी.

उडी झकास होती. दरी कच्ची होती. दोन्ही काठ ढासळले आणि जंगल, नदी, रस्ता, सगळं त्याच्या अंगावर आलं. धूळ बसली तेव्हा डोमा छातीपर्यंत गाडलेला, मिशीला हिरवा भुसा, गालावर नीळ, आणि उजवा हात कडक सॅल्यूटमध्ये.

"पैर कैसा है?" साहेबांनी परत विचारलं.

"ठीक है, साहब. निकलेगा तो दिखाऊँगा."

साहेब पोट धरून हसले. आम्हाला हसायचा ऑर्डर नव्हता, म्हणून ओठ चावत उभे राहिलो.

"मंजूर. पहले इसको निकालो. और सुभेदार साहब, फावड़ा आप पकड़िए."

फेब्रुवारीत आम्ही पाताळकोट पार केला. डोमा चारही दिवस सगळ्यांच्या पुढे. संध्याकाळी गुडघा सुजायचा. मग तो नदीत पाय सोडून बसायचा आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "मासोळ्या पकडून राहिलो." बोर्डानं त्याची कॅटेगरी वर केली. रायफल कंपनीत आला त्या दिवशी त्यानं लंगरमध्ये सगळ्यांना जिलबी चारली. सुभेदार साहेबांना दोनदा वाढली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही सीमेवर होतो. पहाटेच्या हल्ल्यात डोमाचं सेक्शन पुढे होतं. मी वायरलेसजवळ होतो. आवाज आला, "डोमा को लगी है." थोड्या वेळानं, "डोमा नहीं रहा. आगे बढ़ रहे हैं. ओव्हर." आम्हीही पुढे गेलो. रडलो ते दोन दिवसांनी, ट्रकच्या आडोशाला, आणि खूप रडलो. कोतात राहिला असता तर आज नातवंडं खेळवत असता, हे माझ्या मनातून जात नाही.

सुट्टी मिळाल्यावर एसटीनं त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील बागेत विहिरीवर होते. मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "पाताळकोटात उतरला होता म्हणे तो. खरं हाय काय गा?"

"खरं हाय, बाबा. सगळ्याइच्या पुढं होता."

"आन् लढाईत?"

"तिथंही पुढंच होता."

ते हसले. "वावरात चाल म्हटलं तं सगळ्याइच्या मांगं राहे लेकाचा. हाका मारू मारू घसा बसे माहा." हसता हसता त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"मंग तुमच्या फौजेतच पुढं काहून गेला गा?"