निरंक

सरकारी कागदावर ‘काही नाही’ असं कधी लिहीत नाहीत. ‘निरंक’ लिहितात. शब्द इतका स्वच्छ की त्याखाली काय पुरलं गेलं ते कुणी उकरून बघत नाही. मी पुरातत्त्वाची, उकरणं हाच माझा धंदा. या शब्दाशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

काम असं होतं. जिल्ह्यात मृद-जलसंधारणाची कामं चालली होती. पाझर तलाव, बांध, नाला खोलीकरण. पैसा बाहेरून आला होता आणि त्याला एक अट चिकटून आली होती. जेसीबी लावण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसानं जागा चालून बघायची आणि फॉर्मातला ‘पुरातन अवशेष’ हा रकाना भरायचा. त्यासाठी मला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं. ऑफिस क्रांती चौकाजवळ, घर छावणीत. रुजू झाले त्याच दिवशी जुनी फाइल चाळली, तर पानोपानी निरंक. एका फॉर्मला जोडलेल्या फोटोत चक्क दगडी बारव दिसत होती, पायऱ्यांसकट, आणि खाली निरंक. आधी हसू आलं, मग राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आमचे साहेब, म्हणजे प्रकल्पाचे इंजिनिअर, माणूस वाईट नव्हता. चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच की आपण पाणी अडवायला बसलोय, काम अडवायला नाही. जुन्या मडक्यांचे तुकडे गोळा करते म्हणून ऑफिसात मला ‘खापरवाल्या मॅडम’ म्हणत. काही बिघडलं तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हा प्रश्नच मिटला, असा विनोद साहेबांनीच काढला होता. मीही हसायचे.

सिल्लोडच्या पलीकडच्या एका गावात पाझर तलाव मंजूर झाला. त्या गावाला दर उन्हाळ्यात टँकर लागायचा. तलावाच्या जागेत काहीच अडचण नव्हती, नडली ती बांधाची माती. माती उचलायची जागा म्हणून नकाशात नाल्याकाठचं एक टेकाड दाखवलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘पांढरी माती, पडीक’.

आमच्याकडं शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, चुलींची राख पडत गेली, भिंती ढासळल्या, की ती माती पांढरी दिसू लागते. मोजणीला आलेल्या माणसाला गावकऱ्यांनी सांगितलं होतं, ‘ती पांढरी हाय.’ त्यानं मातीचा रंग लिहून घेतला.

टेकाडाला लागून साठीतल्या एका शेतकरणीचं रान होतं. तीच मला वर घेऊन गेली. “हितं आधी गाव व्हतं, बाई. कोन म्हनतं पटकीनं उठलं, कोन म्हनतं दुस्काळानं. आमी माळवदावर टाकाया हितलीच माती नेतो. गळत नाय.” माळवदावर चार पाट्या माती नेणं वेगळं आणि आख्खं टेकाड मशीननं उचलून बांधात घालणं वेगळं. पावलागणिक खापरं लागत होती. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, झिजून पातळ झालेला अर्धा पाटा. नाल्यानं एक बाजू कापली होती तिथं राखेचे थर पुरुषभर उंच दिसत होते. मला लई आनंद झाला, उगाच खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी मी अहवाल दिला. टेकाड राखून ठेवा, माती तलावाच्या पोटातून घ्या, म्हणजे तलावही तेवढाच खोल होईल. तलाव थांबवा असं त्यात एका ओळीतही नव्हतं. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून घेतला आणि प्रत माझ्या पिशवीत ठेवली. तेव्हा माघ चालू होता.

“मॅडम, पोटातली माती म्हणजे परत चाचणी, परत अंदाजपत्रक, परत वरची मंजुरी,” साहेब म्हणाले. “निरंक लिहा ना. खापरं काय, माझ्या घरामागं पण निघतात.”

“मग तिथंही मी निरंक लिहिणार नाही,” मी म्हटलं.

फाइल त्यांच्या टेबलावर पडून राहिली. गावात मात्र निरोप लगेच पोचला, की पुरातत्त्वाच्या बाईनं तलाव अडवलाय.

वैशाखात ती शेतकरीण ऑफिसात आली. सोबत गावात शिलाईचं दुकान चालवणारे चाचा होते, कागद वाचता यावा म्हणून आणलेले. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. “आमचं पानी तुमी रोकलं व्हय?”

मी पिशवीतली प्रत काढून चाचांच्या हातात दिली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. “तीन महिने पहले का कागज है,” ते स्वतःशीच म्हणाले. मग तिला सांगितलं, “आक्का, बाईनं माती दुसरीकडनं घ्या म्हनून लिवलंय. तलावाला नाय म्हनलं नाय.”

मी दोघांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी चहा सांगितला. मग खणातून एक फॉर्म काढला. सगळा टाइप केलेला, रकान्यात निरंक, फक्त माझी सही बाकी. “मॅडमनी आत्ता सही केली तर परवा मशीन गावात. पावसाच्या आत बांध उभा करतो. विचारा त्यांना.” माझा करार पुढच्या महिन्यात संपतो, हेही त्यांनी त्याच गोड आवाजात सांगून टाकलं.

तिघंही माझ्याकडं बघत होते. पेन उचलावंसं वाटलं. करारासाठी नाही, ती बाई ज्या नजरेनं बघत होती तिच्यासाठी.

“निरंक म्हंजी काय?” तिनं चाचांना विचारलं.

“काहीच नाय. सिफर.”

“पन हाय की तिथं,” ती म्हणाली. आणि लगेच माझ्याकडं वळून, “मला पानी पायजे, बाई. बाकी तुमचं तुमी बघा.”

मी सही केली नाही. “साहेब, मातीचे नमुने चाचणीला कधी जातात तेवढं सांगा, मग उठते,” असं म्हणून खुर्ची ओढून बसले. चाचा बसले. शेतकरीण फरशीवर बसली. चहा आणखी दोनदा आला. ऑफिस सुटायच्या वेळी साहेबांनी एकदाचा फाइलवर ‘नमुने चाचणीस पाठवावेत’ असा शेरा मारला.

चाचणी झाली, मंजुरी आली, आणि तोवर पाऊस लागला. काळ्या रानात मशीन रुतायला लागलं. काम दिवाळीनंतर सुरू होईल असं ठरलं. त्या सालचं पाणी नाल्यानं वाहून गेलं. माझा करार पुढं चालू झाला नाही. शेवटच्या दिवशी मी त्या जागेचा कोरा फॉर्म घेऊन स्वतःच्या हातानं भरला. खापरं, बांगड्या, पाटा, राखेचे थर. रकाना दोन बोटांचा होता. तो संपल्यावर समासात लिहिलं, समास संपल्यावर पाठीमागं. ‘रकान्याबाहेर लिहू नये’ अशी छापील सूचना होती, ती मी वाचली होती.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर एसटीनं त्या गावाला गेले. तलाव भरला होता, पांढरी जागच्या जागी होती. मला जरा मिरवावंसंही वाटत होतं. शेतकरणीनं गोठ्यात बाज टाकली आणि चहा दिला, बिनदुधाचा. दावणीला काही नव्हतं.

“म्हैस इकली उन्हाळ्यात,” ती म्हणाली. “टँकरचं पानी मान्सालाच पुरंना. तलाव वक्ताला झाला असता तर ऱ्हायली असती.”

फाइल साहेबांनी दाबून ठेवली, मी तर तिसऱ्याच दिवशी लिहून दिलं होतं, असं मी भराभर सांगत सुटले. सगळं खरं होतं. तिनं ते ऐकून घेतलं. “व्हय, तुमी कागुद दावला व्हता की,” ती म्हणाली. मग विचारलं, “त्या कागदावर माझ्या म्हशीचं लिवलं का?”

नव्हतं लिहिलं. त्या खोलीत मला पुन्हा बसवा, मी पुन्हा सही करणार नाही. पण म्हशीला माझ्या फॉर्मात रकाना नव्हता, आणि तो नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणून आता लिहिते. पांढरी राहिली, तलावाला एक वर्ष उशीर झाला, आणि त्यात तिची म्हैस गेली.