पाठमोऱ्या खुर्च्या

ऑब्री टकवेलच्या जिवाला एरवीही स्वस्थता नसे, पण त्या शनिवारी त्यानं ताळच सोडला. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या हवाई तळावर घरच्यांना विमानं दाखवायचा दिवस होता, आणि ऑब्रीची एकच धडपड चालली होती: बायकोनं आपल्या बॉम्बरमध्ये चढू नये. त्या नव्या जेट बॉम्बरमध्ये पाचजण बसत. संकट आलं की पुढच्या दोन वैमानिकांच्या खुर्च्या माणसासकट बाहेर उडत. मागे पाठमोरे बसणारे तिघे, म्हणजे नॅव्हिगेटर ऑब्री आणि दोघं सोबती, यांनी मात्र पट्टे सोडायचे, उठायचं आणि विमानाच्या पोटातल्या दारातून पॅराशूट घेऊन उडी टाकायची. "पाचही खुर्च्या उडतात," असं त्यानं मेव्हिसला लग्नानंतर लगेच ठोकून दिलं होतं.

"चल, चहा घेऊ," तो म्हणाला.

"आता तिसरा? काय संचारलंय तुझ्यात?"

तेवढ्यात ऑब्रीच्या विमानाचा कॅप्टन लँगरिश आला. भला माणूस, आणि भली माणसंच असे घोळ घालतात. "या मिसेस टकवेल, नवऱ्याची जागा बघा," म्हणत त्यानं तिला शिडीवर चढवलंसुद्धा. ऑब्री मागोमाग धावला.

मेव्हिस नवऱ्याच्या खुर्चीत बसली. अंधारा कोपरा, तोंड शेपटीकडे. मान वळवून पाहिलं तर पुढे कॅप्टनच्या खुर्चीवर, डोक्यापाशी, खुर्ची उडवायचं पिवळं-काळं हँडल होतं. तिनं आपल्या डोक्यावर चाचपलं. काहीच लागलं नाही.

"ह्याचं कुठंय?"

कॅप्टननं ऑब्रीकडे पाहिलं, ऑब्रीनं स्वतःच्या बुटांकडे.

"तो आपण आलो त्याच दारानं जातो," कॅप्टन म्हणाला. "ते तिघं बाहेर पडेपर्यंत मी विमान धरून ठेवायचं."

"आणि नाही धरवलं तर?"

कॅप्टनला खोटं बोलता येत नसे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"दाखव कसा जातोस," ती ऑब्रीला म्हणाली.

त्यानं शिडी बाजूला केली आणि उघड्या दाराच्या पत्र्यावरून घसरत तो खाली डांबरावर आला. विमान बघायला रांगेत उभ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. वर बघतो तर ठेवणीतला झगा सावरत मेव्हिसही घसरत येतेय. त्यानं तिला कशीबशी सावरली.

बोलणी खायची त्याची तयारी होती. ती मात्र त्याची कॉलर धरून रडत होती, आणि रागानं त्याला गदागदा हलवत होती.

"चार वर्षं मी निवांत झोपले," ती म्हणाली, "आणि शेजारी तू एकटाच घाबरत होतास? संसार दोघांचा ना? मग घाबरलो असतो दोघं मिळून."